चांदीच्या पट्ट्याखालचा खड्डा

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. एका वेळी एकच गोळी घेते. ओमानच्या डोंगरातल्या एका गावात माझं अर्धं आयुष्य खुंटीवर गेलं. लग्न निघालं की माझे धनी खलफानबाबा मला खाली काढत, आकाशाकडे बार उडवत, आणि लोक माझ्या नळीवरच्या चांदीच्या पट्ट्यांचं कौतुक करत. घरी आल्यावर मात्र मला आतून पुसायचं कुणाला सुचत नसे. काजळी साचली, गंज चढला, आणि नळी ज्या आट्यांनी माझ्या धडात बसते ते आटेच त्याने खाल्ले. नळी डगडगू लागली.

१९९७ साली बाबांच्या नातीचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी मला मस्कतजवळ अल अमेरातच्या एका वर्कशॉपमध्ये आणलं. बाबांचा कुणावर विश्वास नाही. त्यांनी पट्टे स्वतःच घाईघाईने उतरवले, रुमालात बांधले आणि कमरेला खोवले.

लेथ मशीन चालवणारा टर्नर होता वसईचा स्टॅन्ली. त्याने माझं धड वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि लांब पाना लावून नळी सोडवली. बाबा स्टुलावरून एकटक पाहत होते.

शेजारच्या मशीनवरचा तय्यब म्हणाला, "स्टॅन्ली, चाचा पापणीही हलवत नाहीत. माशासारखे उघड्या डोळ्यांनी झोपतात की काय?"

"गप रे. ऐकतायत ते."

खरं सांगते, संशय मलाही होता. टेबलावर माझ्यासारखीच दुसरी बंदूक उघडी पडली होती, आणि तिची नळी चांगली धडधाकट होती. बाबा पुन्हा पुन्हा वळून पाहत नमाजाला गेले, तसं स्टॅन्लीने ती नळी उचलून माझ्या नळीशेजारी धरली. आट्यांचं माप घेत होता बहुधा. पण परक्या हातात सापडलेल्याला 'बहुधा' पुरत नाही.

मग लेथ फिरलं. सडके आटे कापून त्याने पुढच्या चांगल्या लोखंडात नवे पाडले. मी नखाएवढी आखूड झाले. आणि इथे स्टॅन्ली चुकला. लग्नाला जायचंय म्हणून, सणाआधी चर्चमधलं पितळ घासतात तशी त्याने माझी नळी घासून लखलखीत केली. इथल्या म्हाताऱ्यांना बंदुकीचा काळपटपणाच प्यारा, हे त्याला कुठून ठाऊक?

बाबा परतले. मला हातात घेताच त्यांचा चेहरा बदलला.

"ही नळी माझी नाही. आखूड आहे. नवी आहे. तू बदललीस."

"नाही चाचा, आटे कापले म्हणून..."

"खलास. तुझ्या अर्बाबला, मालकाला सांगतो. उद्याच तुला विमानात बसवतील."

स्टॅन्ली तेलकट हात पुसतच राहिला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला एकच आवाज काढता येतो आणि त्यालाही काडतूस लागतं.

तो हळूच म्हणाला, "चाचा, इथे एक खड्डा आहे. घासूनही गेला नाही. पट्ट्याखालचा असणार. लावून तर बघा."

तो खड्डा माझाच. बाबांच्या आजोबांच्या हातून मी खडकावर पडले होते. तो व्रण झाकायला सोनाराने वर पट्टा ठोकून बसवला, तेव्हा चांदीलाही आतून तसाच फुगवटा आला.

बाबांनी रुमाल सोडला. पहिला पट्टा बसला. तो कुठल्याही नळीला बसला असता. दुसऱ्याच्या आत त्यांचं बोट अडखळलं. त्यांनी तो खड्ड्यावर ठेवून दाबला. टक्. फिरवून पाहिला, हलेना.

मग उरलेले पट्टे रुमालासकट त्यांनी स्टॅन्लीच्या हातात दिले.

"तू बसव. मी चहा घेऊन येतो. तुला साखर किती?"

आणि या वेळी वळून न पाहता ते बाहेर गेले.

मित्रांनो, त्या लग्नात मी खणखणीत वाजले, आणि घरी आल्यावर बाबांनी मला आतून पुसलं. तुमच्या घरातली जुनी वस्तूही मिरवून झाली की आतून पुसत जा. आणि ती दुरुस्तीला कुणाच्या हाती दिलीत, तर त्या हातांकडे जरा मायेने पाहा. आम्हाला बोलता येत नाही, आणि त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला दर वेळी खड्डा असतोच असं नाही.