काचेखालची झेरॉक्स

काउंटरच्या काचेखाली ठेवलेल्या त्या झेरॉक्सवर ऊन यायला अजून अवकाश होता. आधी ते लॉजच्या दारातून, महामार्गावरच्या ट्रकांची धूळ अंगावर घेऊन फरशीवर उतरलं, खुर्चीच्या पायाशी रेंगाळलं, किल्ल्यांच्या फळीवरचा एकेक पितळी आकडा उजळत पुढे सरकलं, आणि शेवटी – इतक्या सावकाश की निकेशला वाटलं, आज ते येणारच नाही – काचेवर चढून पासपोर्टमधल्या त्या परदेशी चेहऱ्यावर थांबलं. सौम्य, हसरा चेहरा.

"हवालदार येऊन राहिला," फोन ठेवत घनश्यामशेठ म्हणाले. "काल नागपूरच्या विमानतळावर पकडला त्याले. खिशात आपल्या लॉजची पावती भेटली. लेकरांच्या वाईट केसमध्ये सजा भोगलेला माणूस हाय म्हणते. त्याच्या देशानं दिल्लीले कळवलं, दिल्लीनं भंडाऱ्याले... आन् भंडाऱ्याच्या कम्प्युटरवर तो नाहीच. तू सांगजो, नेट बंद होतं."

"एकच संध्याकाळ बंद होतं, शेठ. तो चार दिवस होता."

"मंग चार दिवस बंद होतं. तुले काय जाते?"

परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याचा फॉर्म पोलिसांना पाठवायचा, काउंटरवरच्या निकेशने करायचं ते एवढंच. समुद्रापलीकडून निघालेली ती सूचना किती कचेऱ्या, किती टेबलं ओलांडून लाखनीच्या या लॉजच्या दिशेने आली असेल, आणि तिच्या वाटेवरचा शेवटचा माणूस मी होतो, निकेशच्या मनात आलं... फॉर्मसाठी लागणारं व्हिसाचं पान उद्या देतो, असं पाहुणा म्हणाला आणि निकेशने ते पुन्हा मागितलं नाही. कारण वाक्याच्या मध्यावर अडखळणाऱ्या निकेशचं बोलणं पुरं होईपर्यंत तो थांबायचा – आजवर असं कोण थांबलं होतं? – आणि अशा माणसाकडे दुसऱ्यांदा कागद मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. तळ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो काढायला आला होता. लॉजची साफसफाई करणाऱ्या देवकाबाईच्या सात वर्षांच्या मुलीला, टीनालाही कॅमेऱ्यातून बगळे दाखवायचा...

देवकाबाई जिन्याखाली पोछा मारत होती. एकटीच.

"टीना?" निकेशने विचारलं.

"मंगळवारपासून येत नाही ना. लॉजवर चाल म्हटलं का रडते. काहून, त सांगत नाही."

हवालदार संघपाल आला, टोपी काचेवर ठेवून बसला. टोपीखाली तो चेहरा झाकला गेला, तेव्हा निकेशला हायसं वाटलं – आणि त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली.

"फॉर्म काहून नाही पाठवला गा? बोल ना बाबू, नवरीवानी मान खाली घालून काय बसला?"

"नेट बंद होतं, साहेब," शेठ म्हणाले. हवालदाराने लिहिलं.

"आन् इथं कोण्या लेकराजवळ गेला होता का तो?"

जिन्याखालचा पोछा थांबला. निकेशने तोंड उघडलं. शब्द नेहमीच्याच जागी, टाळूला चिकटून राहिला. देवकाबाई त्याच्याकडे पाहत होती. हवालदार क्षणभर थांबला, मग त्याने 'नाही' असं लिहिलं आणि चहा मागवला.

चहा यायला पाच मिनिटं लागतील, प्यायला पाच. तेवढा वेळ 'नाही' लिहिलेला तो कागद इथेच असेल. ऊन आता काचेवरून निसटून निकेशच्या हातांवर आलं होतं, आणि हात, काही केल्या, झाकता येत नव्हते... मंगळवारी दुपारी टीना एक चप्पल हातात घेऊन, रडत त्या पाहुण्याच्या सात नंबरच्या खोलीतून पळत बाहेर आली, तेव्हा मी याच खुर्चीवर बसलो होतो, आणि मी तिला पाहिलं होतं.