दुसऱ्याची सुरी

रोज सकाळी कोठीतून तांदूळ काढताना रिनाचा हात जरा जपूनच आत जायचा. कोठीच्या पार तळाशी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, मामाजींची सुरी होती. ती तिथं रिनानंच लपवली होती. आणि मामाजी, म्हणजे तिचे सासरे गुलाबभाऊ, तीच सुरी घरभर शोधत फिरायचे.

"पोरी, माही सुरी पाह्यली का वं?"

"नाई जी मामाजी."

"कमरेलेच तं असते."

मग कमरेवरचा हात तसाच ठेवून ते अंगणात जायचे, लाकडांची थप्पी उचकायचे, गोठ्यातल्या गव्हाणीत चाचपायचे. परत येऊन पुन्हा तेच विचारायचे. रिना पुन्हा तेच उत्तर द्यायची. खोटं बोलायचीही सवय होते, पण या माणसाशी बोललेलं खोटं काही तिच्या अंगवळणी पडत नव्हतं.

सुरी तशी काहीच नव्हती. ट्रकच्या मोडक्या कमानीच्या पाट्यातून रस्त्याकडेच्या गाडीलोहारानं ठोकून काढलेली, ना नाव ना छाप. मूठ तिवसाच्या लाकडाची, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. म्यान तर राजदीपनं, रिनाच्या नवऱ्यानं, शाळेत असताना केलेलं. प्लास्टिकचा पाइप चुलीवर नरम करायचा आणि वाटणाच्या पाट्याखाली दाबून चपटा करायचा, झालं म्यान. नागभीडच्या बाजारात असल्या सुऱ्या गोणपाटावर ढिगानं पडलेल्या असतात. कोंबडं विकून माणूस सुरी घेतो आणि वर भाजीही घेऊन घरी येतो.

पण स्वस्तातली होती म्हणूनच ती मामाजींपासून कधी सुटली नाही. महागाची वस्तू माणूस पेटीत ठेवतो, सणावाराला काढतो, पुसून परत ठेवतो. हिला कोण जपणार? ही पावसात भिजली, बांधीच्या, धानाच्या खाचराच्या, चिखलात पडली. मामाजींनी हिच्यानं वनखात्याच्या डेपोच्या कामाचे बांबू सोलले, झाडूसाठी सिंदीची पानं कापली, बैलाच्या खुरातला काटा काढला, आणि जेवायच्या वेळी दुपट्ट्याला पुसून हिच्यानंच कांदा चिरला. रोज संध्याकाळी पायरीवर बसून नदीतल्या काळ्या दगडावर ते तिला घासायचे. वर्षानुवर्षं घासून पात्याची धार मधोमध थोडी आत गेली होती, झिजलेल्या उंबऱ्यासारखं. धार लागली की नाही ते अंगठ्यानं पाहायचे आणि मग हातावरचे चार केस उडवून खात्री करायचे.

सासूबाई, मीराबाई, जिवंत होत्या तेव्हा चिडवायच्या, "सवत आणली असती तं तिच्यासंग भांडता तरी आलं असतं. या लोखंडासंग काय भांडू मी?"

"लोखंड रुसत नाई," मामाजी म्हणायचे.

"तं मंग लोखंडालेच सांग भाकरी कराले!"

रिनाला त्या सुरीची स्वतःची अशी एक आठवण होती. लेक खुशबू पोटात होती, काही खाल्लं की उलटी व्हायची. मामाजी रानातून वास्ते, बांबूचे कोवळे कोंब, घेऊन यायचे आणि ओसरीवर बसून कापायचे, इतके बारीक की पाण्यात टाकले की केसांसारखे पसरायचे. "असेच कापले तं कडूपणा निघते," ते म्हणायचे. तेवढंच रिनाच्या पोटात टिकायचं. सासरा सुनेसाठी बसून भाजी चिरतो, यावर गावातल्या बाया हसल्या होत्या. मामाजींनी मान वर केली नव्हती.

मग मीराबाई गेल्या, आणि मामाजींचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं. आधी नावं गेली. मग जेवलो की नाही ते गेलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि राजदीपला बाजूला घेऊन सांगितलं, आता हे उतरणीलाच लागणार, गोळ्यांनी फार तर थोडं सावकाश उतरतील.

एका दुपारी रिना बोअरवेलवरून कपडे धुऊन आली, तर खुशबू आजोबांच्या मांडीवर बसलेली. उघडी सुरी तिच्या इवल्या मुठीत, त्यावर मामाजींची मूठ, आणि दोघं मिळून बांबूची कांब सोलत होते. पोरीच्या पोटरीवरून रक्ताची बारीक धार खाली आली होती. खुशबूला कळलं नव्हतं. मामाजींनाही.

"राजदीपले शिकवून राह्यलो," ते हसून म्हणाले. "हात चांगला आहे पोट्ट्याचा."

जखम नखाएवढीच होती. पण त्याच दिवशी रिनानं सुरी काढून घेतली. राजदीप चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचा, सुट्टीच्या दिवशीच घरी यायचा. फोनवर तो एवढंच म्हणाला, "तलावात फेकून दे."

"फेकली," रिनानं सांगितलं. पण तिच्यानं ती फेकवली नाही.

घरात सुरी सापडेना तेव्हा मामाजींनी स्वतःच उत्तर शोधून काढलं. रानात जेवायला बसलं की उजव्या हाताच्या झाडाच्या खोडात सुरी खुपसून ठेवायची त्यांची सवय होती. एका सकाळी ते उठले तेच म्हणत, "मोहाच्या झाडाले खुपसून आलो. तिथीच राह्यली." आणि निघाले.

शेवटच्या बांधीपलीकडे जंगल सुरू होतं. तिथं पिल्लं घेऊन एक वाघीण फिरत होती. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेलेली शेजारच्या गावची एक बाई परत आली नव्हती. तेव्हापासून वनखात्यानं गावातल्याच पोरांना पहाऱ्याला लावलं होतं. त्यातला पवन मामाजींना हाताला धरून घरी आणायचा. एकदा आणलं, पुन्हा आणलं, मग दर दोन दिवसांनी आणायला लागला.

"वहिनी, बुढ्याले बांधून ठेव ना. माह्या डोळ्यासमोर वाघानं नेलं तं मी कोणाले तोंड दाखवू?"

"बैल आहे का ते, बांधाले?"

"बैल बरा. बांधला तं राह्यते."

रिनानं एक दिवस बाहेरून कडी लावून पाहिली. मामाजींनी आधी दार वाजवलं, मग ओरडले, मग आत बसून लेकरासारखे रडायला लागले. बाहेर ओट्यावर खुशबू त्यांच्या सुरात सूर मिळवून रडत होती. रिनानं कडी काढली. काढताना तिला कळलं होतं की आता उद्या ते पुन्हा जाणार. सुरी लपवली तर माणूस रानात, सुरी दिली तर लेकराच्या अंगावर पातं.

मग तिला एक युक्ती सुचली, आणि त्या युक्तीनं ती इतकी हरखली की रात्रभर नीट झोपलीही नाही.

बाजाराच्या दिवशी खुशबूला कडेवर घेऊन ती नागभीडला निकेशच्या वेल्डिंगच्या दुकानात गेली. निकेश राजदीपचा शाळेतला सोबती.

"जयभीम वहिनी. काय आणलं?"

"हिची धार काढून पाहिजे."

"काढून? लावून म्हण."

"काढूनच. लेकराच्या हातात दिली तरी कापू नये अशी बोथट."

निकेशनं सुरी उलटीपालटी केली. "बाप्पा! लोकं धार लावाले येतात माह्याकडे. काढाले येणारी तू पहिलीच."

"आमच्या घरचं सगळंच उलटं आहे. पण मुठीले हात नको लावू. ट्यूब आहे तशीच राहू दे. मुठीवरूनच ओळखतील ते."

ग्राइंडरची चकती फिरली. ठिणग्यांचा फवारा उडाला, आणि खुशबू खदखदून हसत टाळ्या पिटायला लागली. पातं दाद देत नव्हतं. "काय लोखंड आहे!" असं म्हणत निकेशनं जोर लावला. धारेच्या कडेनं एक निळसर रेघ चढत गेली. रिनाला ती रेघ छान वाटली. शेवटी तिनं स्वतःचा तळवा पात्यावरून जोरात ओढून पाहिला. काही झालं नाही. बसमध्ये ती पोरीच्या कानात पुन्हा पुन्हा सांगत होती, "आता आजोबा कुठी नाई जात. आता आजोबा घरीच."

मामाजी पायरीवर बसले होते. रिनानं टॉवेल उलगडून सुरी पुढं केली.

"सापडली जी मामाजी."

"हां!" त्यांचा चेहरा एकदम खुलला. मूठ तळव्यात बसली. बोटं आपापल्या जागी गेली. मग अंगठा धारेवर गेला. थांबला. पुन्हा गेला. त्यांनी सुरी हातावरच्या केसांवरून फिरवली. केस वाकले आणि परत उभे राहिले.

"कोणाची व्हय हे?"

"तुमचीच आहे. ट्यूब पाहा ना, मूठ पाहा."

लेकरू खोटं बोललं की मोठी माणसं हसतात तसं ते हसले, न रागावता. "माही अशी नाई वं." सुरी त्यांनी फिरवली, पातं स्वतःकडे, मूठ रिनाकडे, नेहमी दुसऱ्याला द्यायचे तशी. "ज्याची आहे त्याले देऊन ये. बिचारा शोधून राह्यला असन."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा रानाकडे निघाले.

रिना सुरी घेऊन परत निकेशकडे गेली. त्यानं धार लावून दिली, पण मान हलवत. "लावली वहिनी, पण टिकाची नाई. मीच जास्त तापवली. निळी पडली ना, तिथंच तिचा कडकपणा गेला. पहिलेसारखी आता नाई होत ते." घरी मामाजींनी ती घेतली, बांबूची कांब सोलली. पहिली साल निघाली. दुसरीला धार मुडपली. त्यांनी सुरी अदबीनं खाली ठेवली, पाहुण्याच्या घरचं भांडं ठेवावं तशी.

त्या दिवशी रिनानं राजदीपला फोनवर सगळं खरं सांगून टाकलं.

"बाजारातून दुसरी घेऊन दे ना एखादी," तो म्हणाला.

"दुसरीच तं झाली हे," ती म्हणाली.

थांबवता येत नाही म्हटल्यावर ती मामाजींबरोबर जायला लागली. सकाळचा स्वयंपाक आटोपला की खुशबूला ओढणीनं पाठीशी बांधायची, सुरी म्यानासकट कमरेला खोवायची आणि बांधीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, त्यांच्या मागं चालायची. धान निसवायला आलं होतं, लोंब्या डोकावत होत्या. पवननं आधी आरडाओरड केली, मग राजदीपला फोन करतो म्हणून धमकी दिली. शेवटी तोच डबा वाजवत थोडं अंतर ठेवून मागं यायला लागला. पण त्याचा पहारा काही एकाच घरापुरता नव्हता. दुसरीकडून हाक आली की त्याला जावं लागायचं.

मामाजी एकेका मोहापाशी थांबायचे. दोन्ही तळव्यांनी खोड चाचपायचे, हाताच्या उंचीवर, जिथं सुरी खुपसली असती तिथं. "इथीच होती."

"असन जी. पुढच्या झाडाले पाहू."

एके दिवशी पवन बरोबर नव्हता. नाल्याच्या ओल्या मातीत मामाजी एकदम थांबले. खाली पंजा उमटला होता, शेजारी त्याच्याहून लहान पंजे. पाणी अजून खळग्यात झिरपत होतं. मामाजी वाकले, आणि उभे राहिले ते वेगळेच कोणीतरी होऊन. पाठ सरळ, डोळे बारीक. वरच्या अंगाला झाडावर वानर खेकसलं.

"मीरा, मागं राय," ते हळूच म्हणाले.

त्यांचा उजवा हात कमरेला गेला. तिथं काही नव्हतं. हात तिथंच चाचपत राहिला.

रिनानं आपल्या कमरेची सुरी उपसली आणि मूठ त्यांच्या तळव्यात दिली. "घ्या मामाजी. घ्या ना जी."

त्यांनी पाहिलं. अंगठा धारेवरून फिरला, एकदाच. मग त्यांनी सुरी फिरवली, मूठ तिच्याकडे केली, आणि परत दिली.

"दुसऱ्याची आहे वं."

आणि ते तिच्या आणि खुशबूच्या पुढं जाऊन उभे राहिले. रिकामे दोन्ही हात त्यांनी फाकवले होते, पिसाळलेल्या गुराला अडवावं तसे. म्हाताऱ्या दंडाची कातडी लोंबत होती. रिना त्यांच्या पाठीमागं, ती निरुपयोगी सुरी घट्ट धरून. पाठीवर खुशबू झोपलेली, तिचा ऊन ऊन श्वास मानेवर लागत होता.

वानर पुन्हा खेकसलं, मग आणखी लांबून. मग थांबलं. गवत हललं, ते वाऱ्यानं की कशानं, कळलं नाही. खूप वेळ काहीच झालं नाही.

हळूहळू मामाजींचे हात खाली आले. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले, आपण ते कशाला पसरले होते ते आठवत असल्यासारखं. आठवलं नाही. पाठ पुन्हा वाकली.

"मोहाच्या झाडाले राह्यली माही सुरी," ते म्हणाले.

"घरी चला जी. उद्या पाहू."

"हे एक झाड पाहून घेऊ."

ते पंजांवरूनच पाय टाकत पुढं गेले. रिनानं सुरी कमरेला खोवली आणि त्यांच्या मागं गेली. मामाजींनी खोडावर हात ठेवले. मागं खुशबू जागी झाली होती. तिनंही पाठीवरून वाकून आपला तळवा सालीवर टेकवला आणि इकडून तिकडे फिरवायला लागली. आजोबा करतात तसं.

रिना झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथं शोधायला लागली.