बाथरूमच्या दारामागचा एप्रन

माझी बायको एका परदेशी दूतावासात कामाला होती. तिथल्या पॅन्ट्रीत पाणी तापवायचा बॉयलर फुटला आणि ती गेली. बॉयलर गळतोय, हे तिने वर सांगितलं होतं. मी दूतावासावर दावा लावला. त्यांचं म्हणणं एकच, परक्या देशाला इथल्या कोर्टात खेचता येत नाही.

"येतं," आमच्या वकीलबाई म्हणाल्या. "साध्या मालकासारखं त्यांनी माणूस कामाला ठेवलं असेल, तर येतं. पण तसा पुरावा आधी आपण द्यायचा. तो दिला की, हे राज्यकारभाराचं काम होतं हे सिद्ध करणं त्यांच्या गळ्यात. त्या नेमकं काय करायच्या?"

'राजदूतांच्या ऑफिसात आहे,' एवढंच ती सगळ्यांना सांगायची. करडा कोट घालून जायची, कोटातच परत यायची. एप्रन पिशवीत घडी करून आणायची आणि धुऊन बाथरूमच्या दारामागे वाळत घालायची. बाहेरच्या दोरीवर कधीच नाही.

"कपबशा धुवायची," मी म्हणालो.

"एप्रन आहे?"

"आहे."

"घेऊन या."

कोर्टात धाकटी मेहुणी माझ्या मागेच बसली होती. दूतावासाचा वकील उठला आणि बायकोचं कौतुकच करायला लागला. फार विश्वासू होत्या, मोठमोठ्या बैठकांत वावरायच्या, त्या देशाची अब्रू त्यांच्या हाती होती! ती गेली तेव्हा यांच्यातलं कुणी दारात फिरकलं नव्हतं. आता तिला डोक्यावर घेतलं होतं. मेहुणी अभिमानाने मान हलवत होती. क्षणभर मलाही वाटलं, असू दे हेच खरं.

मग वकीलबाईंनी मला उभं केलं.

"बैठकीत त्या काय करायच्या?"

"चहा ठेवून बाहेर यायची."

"कागदपत्रं हाताळायच्या?"

"नाही. लादी पुसायची. सफाईवाला आला नाही, तर संडासही धुवायची."

संडासाचं मला कुणी विचारलं नव्हतं. जिंकायच्या नादात तोंडून निघून गेलं. टेबलावर एप्रन पसरला होता. त्यावरचे चहाचे डाग तिने घासून घासूनही गेले नव्हते.

न्यायाधीशांनी समोरच्यांना विचारलं, "राज्यकारभाराचं काम होतं, याचा पुरावा?" त्यांच्याकडे कौतुकापलीकडे काही नव्हतं. दावा चालेल, असा हुकूम झाला.

जिन्यात मेहुणीने गाठलं. "भावोजी, संडासाचा विषय काढायलाच हवा होता का?"

"खरं होतं ते."

"मग ताईने मला का नाही सांगितलं?"

ती न थांबता खाली उतरली.

एप्रन पुराव्याची चिठ्ठी बांधून कोर्टात जमा झाला. आता प्रत्येक तारखेला तो चारचौघांत निघणार. घरी येऊन मी तोंड धुतलं. दारामागच्या रिकाम्या खिळ्याकडे बघवेना, म्हणून त्यावर टॉवेल अडकवला.