एकट्याचा संप

रामहरीनं गेटासमोर सतरंजीची एकच घडी उघडली, बाकीची तशीच ठेवली, आणि बसल्या बसल्या घोषणा दिली. पण ‘कामगार एकजुटीचा’ म्हटल्यावर पुढचं ‘विजय असो’ म्हणायला दुसरं माणूस लागतं. थोडा वेळ वाट बघून तेही त्यानं आपणच म्हणून टाकलं, जरा आवाज बदलून.

कोपरगावकडच्या त्या साखर कारखान्यात एके काळी संघटनेचे नऊशे सभासद होते. पुढं कारखाना भाड्यानं चालवायला गेला, जुने कामगार एकेक करून निवृत्त झाले, त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसं आली. कायम म्हणून उरला टाईम ऑफिसातला रामहरी. अध्यक्ष तोच, सरचिटणीस तोच. सभेत ठराव मांडायचा त्यानंच आणि अनुमोदन द्यायचंही त्यानंच. एकदा त्यानं स्वतःच्याच ठरावाला विरोध करून पाहिला, तेवढाच सभेला रंग यावा म्हणून.

करारात कायम कामगारांची पगारवाढ ठरली होती. ती मागायला गेला, तर लेबर ऑफिसर पंकजा मॅडमनी आधी चहा पाजला.

“काका, बोलणी संघटनेशी होतात. संघटना म्हणजे निदान सात माणसं तरी हवीत ना?”

सहा माणसं कमी पडत होती. पाच वर्षांमागं गोदामात बारदान शिवणाऱ्या बायका सभासदाची पावती फाडायला आल्या होत्या. ठेक्यावरच्या लोकांना संघटनेच्या घटनेत जागा नाही, असं सांगून रामहरीनंच त्यांना परत पाठवलं होतं.

मग त्यानं संप पुकारला. पाळी सुटायचा भोंगा त्याच्या हातात होता, अन् त्या खोलीची किल्ली त्याच्या खिशात. चार वाजता भोंगा झाला नाही की सगळे नाक मुठीत धरून येतील, असा त्याचा हिशेब.

चार वाजले. कुणी आलं नाही. बॉयलरवरची पोरं मोबाईलवर वेळ बघत बाहेर पडली, मोटरसायकली काढून निघून गेली. एकानं जाता जाता विचारलं, काका, काय विकायला बसलाय? मॅडमनी गाडीची काच खाली करून, ऊन लागेल, सावलीला बसा, असं मायेनं सांगितलं. संप लिंबाखाली सरकला.

पावणेसहाला गोदामाकडून छबूबाई आली. खर्ड्याकडची. ऊसतोडीला आली ती इथंच राहिली. केसांत तागाचे धागे अडकलेले.

“भाऊ, भोंगा बिघाडलाय का?”

“संप हाय,” रामहरी ताठ बसत म्हणाला.

“कुनाचा?”

रामहरीनं सतरंजीवरची धूळ झटकली.

“न्हाई, इच्यारलं आपलं,” छबूबाई म्हणाली. “आमचे मोबाईल सकाळीच ठेकेदाराच्या पिशवीत जात्यात. गोदामाला खिडकी न्हाई. भोंगा झाल्याबिगर उठायचं न्हाई, असं त्यानं सांगितलंय. सहाजनी अजून शिवतोय. मी पान्याचं निमित्त करून आले.”

रामहरी उठला. गुडघे आखडले होते. किल्ली लावून त्यानं खोली उघडली. मग त्यानं भोंग्याचं बटण दाबलं, ते कितीतरी वेळ सोडलंच नाही.

बायका डोळे चोळत बाहेर आल्या. कुणी त्याला बोल लावला नाही. त्यांनी तेवढा तरी लावावा, म्हणून तो उभाच राहिला.

“उद्या बी संप हाय का?” छबूबाईनं विचारलं. “म्हंजे तसं घरी सांगून येतो.”

घटनेतलं कलम रामहरीच्या ओठांवर आलं होतं. त्यानं सहाही तोंडांवरून नजर फिरवली.

“तुमीच सांगा,” तो म्हणाला. “भोंगा कवा वाजवू?”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग छबूबाईनं जेवणाचा रिकामा डबा सतरंजीच्या कडेला ठेवला.

“जरा सरका की, भाऊ.”

रामहरी सरकला. जागा होईना, म्हणून त्यानं दुसरी घडी उघडली, तिसरी उघडली. आत उंदरांनी जागोजागी भोकं पाडलेली. तो ओशाळून ती हातानं झाकायला लागला.

“असू द्या,” छबूबाई म्हणाली. “दाभन हाय आमच्यापाशी.”