ठिणगीबाबांचं कवच आणि चहाची किटली

रंगाच्या कारखान्याच्या अंगणात अख्खी शिफ्ट लोटली होती. ठिणगीबाबांनी थिनरचा उग्र वास येणाऱ्या डब्यावर षटकोनी स्टिकर चिकटवला, डोळे मिटले आणि डब्याच्या तोंडाशी लायटर पेटवला. भडका नाही की धूर नाही!

"पाहिलंत? अग्नी टरकला!" बाबा गरजले.

मालक तर विरघळलेच. थिनरच्या वाफेत ठिणगी पडू न देणारं स्फोटरोधक बटण घ्यायचं म्हणजे खिशाला केवढी कात्री! त्यांनी कालच थिनरच्या खोलीत साधं घरगुती बटण बसवून त्यावर बाबांकडून विकत घेतलेलं असंच स्टिकरचं 'कवच' डकवलं होतं.

कारखान्याच्या केमिस्टबाई गर्दीतून पुढे आल्या. त्या खोलीत रोज थिनर ढवळायचा तो त्यांचा सख्खा भाऊ.

"दादा, आत जाऊ नकोस."

"अगं, कवच आहे ना! उगाच काय भुणभुण लावलीस?"

बाई बाबांकडे वळल्या. "यावर 'टी सहा' लिहिलंय, ते काय हो?"

"सहावं तत्त्व! तुमच्या बुकात नसतं ते."

"असतं की. ही वस्तू बाहेरून पंच्याऐंशी अंशांच्या वर तापत नाही, असा त्याचा अर्थ. आमच्या किटलीला लावू का कवच?"

"खुशाल लावा!"

ऑफिसातली विजेवरची स्टीलची किटली आली, कवच लागलं, बटण दाबलं. थोड्याच वेळात पाणी खदखदायला लागलं. बाईंनी किटलीच्या अंगाला थर्मामीटर टेकवला. पारा नव्वदच्या पुढे! सहावं तत्त्व आपलं मख्खपणे चिकटून होतं.

"खूण कुणाला राखत नाही," बाई म्हणाल्या. "आतली ठिणगी बाहेर पडू नये असं जाडजूड बटण आधी बनवतात, मुद्दाम आत स्फोट करून तपासतात, मगच ही पाटी लावतात. कुठल्या वायूत चालेल, किती तापेल, तेवढं ती सांगते. बाबांनी खऱ्या स्फोटरोधक दिव्यावरची पाटी छापून आणलीय, झालं!"

"मग तो डबा?" कुणीतरी विचारलं.

बाईंनी डबा कलंडला. नुसतं पाणी! वास येत होता तो लांब ठेवलेल्या झाकणातल्या थिनरच्या बोळ्याचा.

"बाबा, आता आमच्या पिंपापाशी पेटवा लायटर."

बाबांना एकाएकी मौनव्रत आठवलं. फाटकापर्यंत त्यांनी ते धावत पाळलं.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आज गेलोच होतो गं मी," तो म्हणाला आणि बाहेरच्या मेन स्विचवरून त्याने खोलीची वीज तोडली.

"म्हणजे काम बंद?" मालक कळवळले.

"खरं बटण येईपर्यंत बंद," दादाने ठणकावलं. "नाहीतर तुम्ही ढवळा, कवच लावून."

मालक जागचे हलले नाहीत.

"बघितलंत ना?" बाई सगळ्यांना म्हणाल्या. "मग कृपा करा, पाटी नुसती बघू नका, वाचा. आणि जो विकतो त्यालाच आधी खोलीत उभा करा."