फरक पडलाय ना, वहिनी?

"पुन्हा," छोटी म्हणाली. "आणि हात असे कडेला चिकटवून उभी राहू नकोस. कवायतीला उभं केल्यासारखी दिसतेस."

वहिनीने हात सोडले. सोडलेल्या हातांचं करायचं काय, ते तिला कळेना. तिने ते पुन्हा कडेला चिकटवले.

"मैत्रिणींनो," ती म्हणाली, "आज मी तुम्हाला तुमच्या त्वचेच्या..."

"त्वचेचं नंतर! आधी स्वतःचं सांगायचं. मी अशी होते, मग मला हे मिळालं आणि माझं आयुष्य असं बदललं. माल शेवटी. लोक माल घेत नाहीत वहिनी, माणूस घेतात."

"पण माझं काय बदललंय?"

"बदलेल ना! थोडं आधी सांगायचं, एवढंच."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून दादांनी घशातून आवाज काढला. तो हसण्याचा होता. दुखण्यानंतर त्यांचं हसू असंच निघायचं, अर्ध्यात अडकून. वहिनीलाही हसू आलं. छोटीला मात्र नाही आलं. ती टेबलावर निळ्या बाटल्या मांडत होती. लेबलं पुढे, बुटक्या पुढे, उंच मागे.

छोटी म्हणजे दादांची धाकटी बहीण. लग्न होईपर्यंत ती याच घरात राहिली. ती वहिनीला जिन्यावरून, बाल्कनीतून, नळावरून हाका मारायची, म्हणून सगळ्या इमारतीची ती वहिनी झाली आणि तिचं खरं नाव मागे पडलं. वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तीही मागच्या खोलीत. काच घासायची, फ्रेमच्या खाचेत बसवायची, पुसून पुढे द्यायची. गिऱ्हाइकाशी बोलायला पुढे दुसरी माणसं होती. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांना दिसण्याची सोय केली आणि स्वतः कुणाला दिसली नाही. तिला तेच बरं वाटायचं.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचे. कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की आधी दादांना हाक. ते वरून ओरडायचे, "घाबरू नका, मी आहे!" आतला माणूस तेवढ्यानेच शांत व्हायचा. मग एक दिवस ते सकाळी दाढी करायला आरशासमोर उभे राहिले आणि ब्रश हातातून पडला. तो उचलायला वाकले ते खालीच राहिले. उजवा हात गेला, पाय फरफटायला लागला, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं. समजायचं मात्र सगळं. त्यांना एकटं टाकता येईना, म्हणून वहिनीचं दुकान सुटलं. घरबसल्या करता येईल असं काम कुणी देईना. तेव्हा छोटी बॅग घेऊन आली.

"घरी चार बायका बोलवायच्या, चहा द्यायचा, बाटल्या दाखवायच्या," ती म्हणाली होती. "याला काय लागतं?"

काय लागतं ते वहिनीला आता कळत होतं. खुर्च्या पुरणार नाहीत म्हणून शेजारून आणल्या, मग फार झाल्या म्हणून दोन परत नेऊन दिल्या, आणि पुन्हा जाऊन आणल्या. शेजारीण म्हणाली, "वहिनी, एकदा काय ते ठरवा. खुर्च्यांना चक्कर आली."

"ह्यांना आतल्या खोलीत बसवते," वहिनीने छोटीला सांगितलं. "लोकांनी बघत राहिलेलं त्यांना आवडत नाही."

"बरं, तुला वाटतंय तसं," छोटी म्हणाली. फार पटकन म्हणाली.

वहिनीने दादांना धुतलेला शर्ट घातला, बटणं लावली, खिडकीजवळ बसवलं आणि दार ओढून घेतलं. "जरा वेळ हं. आवाज झाला तर कंटाळू नका."

"बरं," दादा म्हणाले. शाबूत राहिलेल्या शब्दांपैकी हा एक.

बायका आल्या, आणि सगळ्या एकदमच आल्या. तळमजल्यावरच्या निवृत्त हेडबाई, कोपऱ्यावरची पार्लरवाली, चौथ्या मजल्यावरच्या लायब्ररीवाल्या बाई आणि आणखी दोघी-तिघी. रोज जिन्यात भेटणाऱ्या बायका आज पाहुण्यांसारख्या अवघडून बसल्या. पर्स मांडीवर, गुडघे जवळ. कुणी म्हणालं, पडदे छान आहेत. पडदे तेच होते, जुने.

"मैत्रिणींनो," वहिनीने सुरुवात केली. हेडबाई तिच्याकडे, वर्गातली एखादी मुलगी कविता विसरणार हे आधीच कळावं, तशा प्रेमाने बघत होत्या. त्या प्रेमानेच घात केला. "मी... म्हणजे हे क्रीम... हे रात्री लावायचं. सकाळीही चालतं. नाही लावलं तरी..."

"नाही लावलं तरी काय?" पार्लरवालीने विचारलं.

"तरी चालतं," वहिनी म्हणाली.

सगळ्या हसल्या. ते हसणं वाईट नव्हतं, पण वहिनी पुढचं सगळं विसरली. तिने क्रीमची डबी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. खोली इतकी गप्प झाली की स्वयंपाकघरात चहा उतू गेलेला सगळ्यांना ऐकू आला.

ती गॅस बंद करायला धावली. ओटा पुसून परत आली तर आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि छोटी दादांना खांद्याचा आधार देत बाहेर आणत होती.

"हा माझा दादा," छोटी सांगत होती. तिचा आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता, हेच वाईट होतं. "तुमच्यातल्या किती जणींना ह्याने लिफ्टमधून बाहेर काढलंय? आणि आज बघा. वहिनीचं काम सुटलं. कुणापुढे हात पसरणार नाही ती, भिडस्त आहे. पण भीड ही भिकेची बहीण, म्हणून मी बोलते."

वहिनी दारातच उभी राहिली, हातात ओलं फडकं. छोटीने दादांना मधोमध बसवलं. त्यांचा उजवा हात उचलून खुर्चीच्या हातावर ठेवला, निळी बाटली उघडली आणि सगळ्यांसमोर त्या हाताला तेल चोळायला लागली. दादा जमिनीकडे बघत होते.

"डॉक्टरांनी आशा सोडली होती. आम्ही हे तेल सुरू केलं."

सुरू केलं नव्हतं. बाटल्या कालच आल्या होत्या.

लायब्ररीवाल्या बाई पुढे झुकल्या. त्यांची आई वर चौथ्या मजल्यावर बरेच महिने अंथरुणाला खिळून होती. "खरंच फरक पडतो?" त्यांनी विचारलं. छोटीला नाही, वहिनीला.

"सांग ना," छोटी म्हणाली. हसरा चेहरा, पण डोळे मोठे केलेले. "फरक पडलाय ना, वहिनी?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. वहिनीला 'नाही' म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं. पण टेबलावर बाटल्या रांगेत उभ्या होत्या, दुकान सुटलं होतं, आणि आत्ता 'नाही' म्हटलं असतं तर या बायका चहा पिऊन उठून गेल्या असत्या.

"हो," ती म्हणाली. "थोडा."

दादांनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मोठं काहीतरी कळावं, तसं पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, तेलाने चकाकणाऱ्या, आणि ओठ आवळले.

ते काय करताहेत हे वहिनीला इतर कुणाच्याही आधी कळलं. ती खोटी पडू नये म्हणून ते बोट हलवायला बघत होते. मानेची शीर तटतटली, चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला. "अहो, राहू द्या," ती पुटपुटली, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. दादांचा खांदा थरथरला, आणि त्या थरथरीने तो मेलेला हात तेलावरून बोटभर पुढे घसरला.

"हललं!" छोटी ओरडली. "बघितलंत? हललं!"

पार्लरवालीने टाळ्या वाजवल्या. मग हेडबाईंनी. मग सगळ्यांनीच. दादांच्या डाव्या गालावर तेवढं हसू उमटलं.

त्यानंतर बाटल्या भराभर गेल्या. लायब्ररीवाल्या बाईंनी सगळ्यात मोठी घेतली.

बायका गेल्यावर वहिनी मोरीशी उभी राहून कप विसळत होती. छोटी मागून येऊन तिला बिलगली.

"पहिल्याच पार्टीत! मला माझ्या पहिल्या वेळेला एक साबण विकता आला नव्हता, माहितेय? आता पुढची पार्लरवालीच्या घरी. ती स्वतःहून म्हणाली. दादाला घेऊन यायचं."

"ह्यांना आणणार नाही मी."

"अगं, त्याचं मन रमलं! हसला तो. किती दिवसांनी लोकांत बसला."

"छोटे, तो हात हलला नाही. तुलाही माहितेय."

छोटी बाजूला झाली. तिने केस नीट केले. कंपनीतली तिच्या वरची बाई किती माल खपला ते विचारायला तिला रोज फोन करायची, हे वहिनीला ठाऊक होतं. छोटी तेव्हा फोन घेऊन बाल्कनीत जायची आणि परत येताना असाच चेहरा करून यायची.

"मग तू काय करणार?" ती हळूच म्हणाली. "बोलता तर तुला येत नाही. दादा सोडला तर दाखवायला आहे काय तुझ्याकडे?"

वहिनीने नळ मोठा केला. छोटी बॅग घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा चहा झाल्यावर वहिनी चौथ्या मजल्यावर गेली. जिन्यात तिने वाक्य घोळवून ठेवलं होतं. दार उघडताच ते एका दमात म्हणून टाकलं. "ते तेल परत द्या. ह्यांच्या हाताला कधी लावलंच नव्हतं. मी खोटं बोलले."

लायब्ररीवाल्या बाई गडबडल्या. आतून त्यांच्या आईच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

"अहो, आत तरी या."

"नको. तुमची आई आशेवर बसेल, म्हणून..."

"वहिनी," बाई म्हणाल्या, अगदी मायेने, "मी आईचे हातपाय रोज उचलते आणि रोज ठेवते. हललेला हात कसा दिसतो, ते मला कळत नाही होय?"

"मग टाळ्या?"

"ते एवढा जीव काढत होते. टाळ्या नाही वाजवायच्या तर काय करायचं माणसाने?" बाईंनी आवाज खाली आणला. "आणि घेणार तर आम्ही होतोच. तुमच्याकडे येतानाच जिन्यात ठरलं होतं आमचं, की प्रत्येकीने काही ना काही घ्यायचं. तुम्ही मालाची निंदा केली असतीत तरी घेतलं असतं."

वहिनीने कठडा धरला. म्हणजे 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. दादा आतल्या खोलीतच बसले असते तरी चाललं असतं.

"बाटली असू दे," बाई हसून म्हणाल्या. "बाथरूमचं दार कुरकुरतंय, त्याला घालीन. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि पुढच्या वेळेलाही बोलवा हं, आम्ही आहोत."

"हो," वहिनी म्हणाली. आभार मानायचे राहिले. ते तिला तिसऱ्या मजल्यावर आठवलं, पण ती परत वर गेली नाही.

घरात शिरली तेव्हा दादांनी खुर्ची टेबलाशी ओढून घेतलेली होती. एका हाताने ती कशी ओढली, कोण जाणे. उजवा हात टेबलावर ठेवलेला, डावा मुद्दाम पाठीमागे. ते बोटांकडे टक लावून बघत होते आणि ओठ कालच्यासारखेच आवळलेले होते. शर्ट पाठीला चिकटला होता. किती वेळ चाललं होतं देव जाणे.

तिची चाहूल लागताच त्यांनी वर पाहिलं.

"परत..." ते म्हणाले. शब्द जुळवायला वेळ लागला. "परत... कधी?"

कालचं मोरीजवळचं सगळं त्यांनी ऐकलं होतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. हेही की त्यातलं पार्टीचं तेवढं त्यांनी मनात ठेवलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर एक घाई होती. पूर्वी रात्री-अपरात्री कुणी दार ठोठावलं की हत्यारांची पिशवी शोधताना असायची, तशी.

वहिनी त्यांच्यासमोर बसली.

"आपण नाही जायचं," ती म्हणाली. "गरज नाही त्याची."

दादांचा पाठीमागचा डावा हात पुढे आला. त्याने टेबलावरचा उजवा हात मनगटाशी धरला, उचलला आणि खाली मांडीवर नेऊन ठेवला, टेबलाच्या आड, दिसणार नाही असा.

"बरं," ते म्हणाले.