‘तानु’ शोधणारी चाळणी

मी चाळणी बोलतेय. पिठाची नाही, पत्रांची. मला ना जाळी ना कडं. संगणकात लिहिलेल्या चार ओळी म्हणजे मी. माझ्यात अटी घाला, दोन अटींच्या मध्ये ‘आणि’ लिहा नाहीतर ‘किंवा’ लिहा, की ईमेलच्या ढिगातून मी हवी ती पत्रं वेचून देते. ‘आणि’ असेल तर सगळ्या अटी पुऱ्या करणारंच पत्र माझ्यातून सुटतं. ‘किंवा’ असेल तर एका अटीवरही भागतं. एवढीच माझी अक्कल. विचारलं त्याचं उत्तर द्यायचं, न विचारलेलं बोलायचं नाही.

मला लिहिलं तेउइलाने. ती आपिया या बेटावरच्या शहरातल्या एका शाळेच्या कचेरीत काम करते. पालकांची जुनी पत्रं शोधून शोधून वैतागली, तेव्हा एका दुपारी कोकोचा मग बाजूला सारून तिने मला जन्माला घातलं. मी पहिलंच पत्र शोधून दिलं तेव्हा म्हणाली, “शहाणी गं माझी!” त्या कौतुकावर मी बरेच दिवस फुगून होते.

मग तिने मला घरच्या ईमेलवर बसवलं. तो एकच पत्ता अख्ख्या गोतावळ्याचा. ऑकलंडचे मावसभाऊ, सिडनीच्या आत्या, कोणाचं लग्न, कोणाच्या मयतीत मानाच्या किती चटया द्यायच्या, सगळं तिथेच येऊन पडायचं. त्यातलं काही पुसायचं नाही, असा तेउइलाची आई एसेटा हिचा दंडक होता. माणसं पत्रं जिवापाड जपतात आणि एकदा वाचली की पुन्हा तिकडे फिरकत नाहीत, हे मी तिथे शिकले.

तेउइलाचा धाकटा भाऊ आलापाती ऑकलंडला बांधकामावर होता. पासवर्ड विसरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्यामुळे दर वेळी नव्या मित्राच्या फोनवरून लिहायचा. गेल्या वर्षी तो परांचीवरून पडला आणि गेला.

त्याची बायको मेरेआने हिचा फोन आला तेव्हा मी समोरच उघडी होते.

“आई, मी त्यांना इथंच ठेवणार आहे. पोरं लहान आहेत. बापाच्या कबरीवर फूल ठेवायला त्यांनी विमानाने यायचं का?”

“अगं, त्याने लिहिलं होतं. घरासमोर, बापाशेजारी पुरा म्हणून. तेउने मला वाचून दाखवलंय.”

“मला तर कधी बोलले नाहीत. तुमच्या मनात असेल आई, म्हणून वाटत असेल. पत्र दाखवा. खरंच लिहिलं असेल तर मी स्वतः घेऊन येते त्यांना. पण शुक्रवारपर्यंत. त्यापुढे मला थांबवता येणार नाही.”

एसेटाने फोन ठेवला आणि लेकीकडे पाहिलं. “काढ गं.”

तेउइलाने अटी घातल्या. पाठवणारा आलापाती किंवा त्याचा कोणीही मित्र. आणि मजकुरात ‘तानु’. तानु म्हणजे पुरणं.

मी चाळलं. शून्य.

पत्र होतं हो! माझ्या डोळ्यांसमोर होतं. पहिल्या अटीतून सुटलं आणि दुसरीवर अडकलं, कारण आलापातीने ‘तानु’ लिहिलंच नव्हतं. त्याने लिहिलं होतं ‘कांगु’. शब्द तोच. या बेटांवर घरात, बाजारात, भांडणात ‘त’चा ‘क’ होतो आणि ‘न’चा ‘ङ’. देवापुढे, शाळेत आणि कागदावर मात्र ‘त’ तो ‘त’च. या भावंडांचे वडील चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायचे. वहीत ‘क’ दिसला की पट्टी बसायची. तेउइलाच्या बोटांना ती अजून आठवते. आलापाती पट्टी खाऊनही सुधारला नव्हता. आणि हेच पत्र आईला वाचून दाखवताना तेउइलाने सवयीने ‘तानु’ असंच वाचलं होतं. आता दोघींच्या कानांत तोच शब्द बसला होता.

“नीट बघ ना,” एसेटा म्हणाली.

“बघतेय की. मी काय मुद्दाम लपवतेय?”

घाबरलं की माणूस अटी वाढवतो. तेउइलाने वर्ष घातलं, ‘बाबा’ घातलं, ‘घरासमोर’ घातलं, प्रत्येकाआधी ‘आणि’. माझी भोकं बारीक बारीक होत गेली. ‘अगं, कमी कर, एखादा “किंवा” टाक,’ असं मी आतल्या आत ओरडत होते. बाहेर मात्र शून्य, शून्य, शून्य. एवढी लाचारी माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

शुक्रवार आला. मयतीसाठी काढलेल्या चटया घडी होऊन परत पेटीत गेल्या. मायलेकींनी ऑकलंडची माती फोनच्या पडद्यावर पडताना पाहिली.

काही आठवड्यांनी एसेटा म्हणाली, “मलाच भास झाला असणार. त्याला तिथंच राहायचं होतं. बरं झालं, पोरं जवळ आहेत.” त्या दिवसापासून ती चार घास जेवायला लागली.

पुढे एका रविवारी, सगळे जेवून आडवे झाले असताना, तेउइलाने माझ्यातली शब्दांची अट काढून टाकली. तिला काही शोधायचं नव्हतं, भावाची पत्रं नुसती वाचायची होती. मी सगळी तिच्या पुढ्यात ओतली. वाचता वाचता ती थांबली.

‘तेउ, आईला सांग, मला कांगु करायचं ते बाबांच्या शेजारीच. इथली माती लई गार आहे.’

तिने कमरेला गुंडाळलेल्या लावालावाचा काठ पदरासारखा तोंडात कोंबला.

“काय गं वाचतेस?” आतून आईने विचारलं.

“शाळेचं आहे काहीतरी.”

अजूनही एसेटाला मधूनच शंका येते. ती लेकीशेजारी येऊन बसते. “तेउ, एकदा चालव ना ती तुझी चाळणी. माझ्या समाधानासाठी.”

तेउइला मला उघडते आणि सावकाश, एकेक अक्षर, ‘तानु’ लिहिते.

मी शून्य सांगते. त्यात एक अक्षर खोटं नसतं.

“बघ, नाहीच,” एसेटा म्हणते आणि समाधानाने उठून जाते.

तेउइला, तू मला घडवलंस, तुझ्या शब्दाबाहेर मी नाही. तरी एक मागते. एकदा तिच्यासमोर ‘कांगु’ लिही. तेवढं धैर्य होत नसेल, तर मला पुसून टाक. पण पुन्हा तिला शेजारी बसवून मला विचारू नकोस.